पोचा माझ्या बाजूला

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साल, एप्रिलातला दुसरा शनिवार. सकाळचे नऊ वाजले होते आणि गेथिन प्रॉसर माझ्या स्वयंपाकघरात पोह्यांची कढई घासत उभा होता. एकशे आठ किलोचा माणूस. मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते मला, बत्तीस वर्षं नर्स असूनही, सांगता आलं नसतं. दोन्ही कान मार खाऊन खाऊन फुलकोबीसारखे झालेले आणि अंगावर माझा निळ्या फुलांचा एप्रन.

"मावशी, आजचा दिवस वाईट गेला तर मी पुन्हा छपरावर," तो म्हणाला.

"छपराचं काय होईल त्याची मला काळजी आहे," मी म्हटलं. "मागच्या वेळी चर्चची किती कौलं फोडलीस?"

"अकरा."

"तेव्हा तू पंच्याण्णव किलोचा होतास. कढईच्या कानापाशी राहिलंय बघ, तिथे घास."

आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं. पण मला आता आठवतं ते मराठीतच, त्याला मी काय करू?

गाव लानवेर्न. वेल्समध्ये, दोन डोंगरांच्या घळीत बसलेलं. मी मिरजेची मालन चौगुले. सासष्ट साली तिथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून गेले आणि तिथलीच होऊन राहिले. गाव मला 'सिस्टर चौगुले' म्हणायचं. आमचे हे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मुलगा उदय टोरांटोला. घर रिकामं वाटायला लागलं म्हणून वरची खोली भाड्याने दिली आणि हे धूड जिन्याला धक्के देत वर राहायला आलं.

गेथिन कौलं बसवणारा. बाप कौलं बसवणारा, आजा कौलं बसवणारा. शनिवारी रग्बी खेळायची आणि बाकी सहा दिवस शिडीवर काढायचे, हे त्यांच्या तीन पिढ्यांचं चाललेलं. आणि मग पंच्याण्णव साली त्या खेळात खेळाडूंना रीतसर पगार घ्यायला परवानगी मिळाली. गेथिनने दुसऱ्या दिवशी शिडी शेजाऱ्याला देऊन टाकली. "माझा आजा फुकट नाक मोडून घ्यायचा मावशी, मला त्याचा पगार मिळणार!" असं तो मला मोठ्या अभिमानाने सांगायचा.

पण त्या वर्षी क्लबने न्यूझीलंडहून आणखी एक गडी आणला होता, त्याच जागेसाठी. पुढच्या वर्षी दोघांपैकी एकालाच ठेवायचं होतं. मिस्टर व्हॉइल म्हणून प्रशिक्षक होते, बोलायला अगदी सरळ. त्यांनी गेथिनला सांगितलं होतं, "ब्रिनकोचविरुद्ध तू सुरुवात करशील. लाइनआउट जिंकलास तर तू राहशील. हरलास तर तो."

आता लाइनआउट म्हणजे काय ते सांगायलाच हवं, कारण सगळी गोष्ट त्यावर आहे. चेंडू रेषेबाहेर गेला की दोन्ही संघांचे सात-सात आडदांड गडी समोरासमोर रांगा करून उभे राहतात. दोन नंबरच्या गड्याने, म्हणजे आमच्या गेथिनने, बाहेरून त्या दोन रांगांच्या मधोमध चेंडू फेकायचा. मग रांगेतला एक जण उडी मारतो, दोघे त्याला चड्डीला धरून वर उचलतात आणि तो वरच्या वर चेंडू झेलतो. पण रांगेत पुढे फेकायचा, मधे की मागे, हे फक्त आपल्या गड्यांना कळलं पाहिजे. म्हणून आधी काहीतरी खुणेचं ओरडायचं.

लानवेर्नचे लोक वेल्श भाषेतले आकडे ओरडायचे. आणि ज्यांच्याशी खेळायचे ते सगळेही वेल्शच. म्हणजे खिडकी उघडी ठेवून दाराला कुलूप.

त्या जानेवारीत गेथिनला ताप आला. मी त्याचं मनगट धरून नाडी मोजत बसले होते. मी सगळी नोकरी इंग्रजीत केली, पण नाडी मात्र जन्मभर मराठीतच मोजली. दुसऱ्या भाषेत माझा आकडा चुकतो. तर हा डोळे मिटून ऐकत होता. एकदम उठूनच बसला.

"मावशी, हे काय आहे?"

"आकडे. झोप."

"हे इथे आणखी कुणाला येतात?"

"या घळीत? कुणाला नाही."

बस्स. ताप उतरला तो आकडे पाठ करतच. पुढचे दोन महिने माझ्या परसात शाळा भरली. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून चेंडू पलीकडे फेकायचा, मी पायरीवर बसून उच्चार सुधारायचे. ठरवलं असं की तीन आकडे ओरडायचे आणि त्यातला मधला तेवढाच खरा. एक म्हणजे पुढे, दोन मधे, तीन मागे, आणि इतर आकडे नुसते सोबतीला. गेथिन फेकायचा बरा, पण जोर आला की चेंडू दोरी ओलांडून, भिंत ओलांडून थेट शेजारच्या मिसेस बोवेनच्या लीकच्या वाफ्यात. लीक म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. मिसेस बोवेनचा त्यावर पोटच्या पोरासारखा जीव.

"सिस्टर चौगुले!" भिंतीपलीकडून आवाज यायचा. "आजचा तिसरा!"

"सॉरी, मिसेस बोवेन!" आम्ही दोघं एका सुरात.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, माझ्या मिसळणाच्या डब्याची. मिरजेहून निघताना आईने दिलेला, पितळी, आत सात वाट्या. बोटीवर पडला तेव्हा एका बाजूला मोठा पोचा आला. तो पोचा मी नेहमी माझ्या बाजूला ठेवते. मग जवळच्या ओळीत मोहरी आणि जिरे. मधल्या ओळीत तिखट, हळद, मेथी. लांबच्या ओळीत हिंग आणि धणेपूड. स्वयंपाक करताना मी डब्याकडे बघतच नाही. वाफेने चष्मा धुरकटतो, त्यामुळे नुसता हात जातो. गेथिनने पहिल्यांदा वाट्या धुऊन मनाला येईल तशा ठेवल्या, तेव्हा मी वरणाला धणेपुडीची फोडणी दिली होती. मग त्याला ओळीने उभं करून शिकवलं. "पोचा माझ्याकडे. हळद मधोमध. हिंग मागे." पुन्हा कधी चुकला नाही. आणि वेलदोडे डब्यात नाहीत. ते कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, मागे, कॉफीच्या बरणीत. माझा हात पोचत नाही, म्हणून चहाच्या वेळी तोच काढून द्यायचा. आणि दोन तोंडात टाकायचा.

तर तो शनिवार.

सामना आमच्याच मैदानावर होता, अडीच वाजता. मी एक वाजताच जाऊन बसले. क्लबच्या चहाच्या खोलीत कोपऱ्यातलं टेबल, पर्समध्ये लसणाच्या चिवड्याची पुडी. खोलीत गर्दी नव्हती. दारातून एक सावळा, तिशीतला माणूस मोठी बॅग ओढत आत आला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला लांब रेनकोट घातलेला. बॅग सुटली आणि त्याच्या अंगठ्यावर पडली.

"आई गंऽऽ!"

माझ्या हातातला कप बशीत वाजला. आठ महिन्यांत मी समोरच्या माणसाच्या तोंडून मराठी ऐकलं नव्हतं. उदय फोनवर बोलायचा तोही निम्मं इंग्रजी.

"कुठले रे तुम्ही?" मी खुर्चीवरूनच विचारलं.

तो असा वळला, जणू मागून कुणीतरी त्याच्या घरचं नाव घेऊन हाक मारली. "अलिबागचा. विद्याधर टिपणीस. आणि मावशी, तुम्ही?"

"मिरजेची. ये, बैस. अंगठा दाखव. नख नाही गेलं. चिवडा घे."

"लसणाचा?" त्याने पुडीत हात घातला. "मावशी, मिरजेला माझी आत्या दिलीय. गुप्ते वकिलांकडे."

"गुप्ते वकील? म्हणजे मंदा?"

"मंदाआत्या!"

"अरे, तिच्या पहिल्या बाळंतपणात मी होते! तुझ्या आतेभावाला पहिली आंघोळ मी घातलीय. डोक्याने मोठा होता."

"अजून आहे," टिपणीस म्हणाला. आम्ही दोघं पोट धरधरून हसलो.

मग काय विचारता. लग्न झालं का, नाही झालं, का नाही झालं, आई काय करते, इथे कुणाकडे राहतोस, जेवतोस काय, पगार पुरतो का. त्याने सगळं सांगितलं. हाडं-स्नायूंचं काम करतो म्हणाला, फिजिओथेरपी. मी म्हटलं, छान. मग त्याने विचारलं, "आणि मावशी, तुम्ही रग्बीच्या मैदानावर कशा?"

आणि मी सांगितलं! गेथिनचं सांगितलं, तापाचं सांगितलं, नाडीचं सांगितलं. "आपले आकडे आज या मैदानावर ऐकू येणार आहेत, टिपणीस! एक, दोन, तीन! पुढे, मधे, मागे! आणि गंमत म्हणजे तीन ओरडायचे आणि मधला तेवढाच खरा!"

टिपणिसाचं चिवडा चावणं थांबलं.

"काय रे, मिरची लागली?"

"नाही," तो हळूच म्हणाला. "छान झालाय चिवडा." मग घड्याळाकडे बघून उठला, वाकून माझ्या पाया पडला आणि बॅग घेऊन लंगडत निघून गेला. मी मनात म्हटलं, काय संस्कारी मुलगा आहे.

मी त्याला गाव विचारलं, आत्या विचारली, पगार विचारला. तो कोणत्या संघाचा, एवढं मात्र विचारायचं राहिलं.

सामना सुरू झाला. पाचव्या मिनिटाला चेंडू बाहेर गेला. गेथिनने तो दोन्ही हातांत घेतला, छाती भरली आणि ओरडला, "चार! दोन! पाच!"

माझ्या अंगावर काटा आला. वेल्समधल्या घळीत, हजार माणसांपुढे, चार-दोन-पाच! अगदी मिरजेच्या बाजारात ओरडावं तसं. चेंडू मधे गेला. आणि ब्रिनकोचचा एक ताडमाड गडी नेमका मधेच वर गेला आणि चेंडू घेऊन खाली आला.

असेल योगायोग, मी म्हटलं.

"सात! एक! सहा!" चेंडू पुढे. ब्रिनकोचचा गडीही पुढे.

तिसऱ्या वेळी मी बघितलं. रेषेपलीकडे, पाण्याच्या बाटल्यांपाशी, रेनकोट काढून ठेवलेला, ब्रिनकोचचा हिरवा ट्रॅकसूट घातलेला टिपणीस उभा होता. गेथिन ओरडला की तो सहज केल्यासारखं काहीतरी करायचा. टोपीला हात लावला की पुढे, कमरेला लावला की मधे, गुडघा खाजवला की मागे.

"मेल्या!" मी उभी राहून ओरडले. शेजारच्या बाईंना वाटलं मी पंचाला म्हणाले. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मध्यंतरापर्यंत सात लाइनआउट झाले आणि त्यांतले सहा गेले. ब्रिनकोच सतरा, आम्ही नऊ. न्यूझीलंडचा तो राखीव गडी कडेला पाय ताणायला लागला होता.

मी पायऱ्या उतरून कपडे बदलायच्या खोलीकडे निघाले. दारावर एक माणूस होता.

"बाईसाहेब, इथे येता येत नाही."

"मी नर्स आहे. तुमच्या खांद्याचं हाड बसवलं होतं ते मीच. डावा होता. बाजूला व्हा."

तो बाजूला झाला. गेथिन बोळात बाकावर एकटाच बसला होता, डोक्यापासून चिखल. आतून मिस्टर व्हॉइल यांचा आवाज येत होता: "आणखी एक चेंडू गेला, प्रॉसर, की तू बाहेर! एक!"

"गेथिन," मी म्हटलं, "आकडे मी फोडले."

त्याने मान वर केली. "कुणापाशी?"

"त्या हिरव्या कपड्यातल्यापाशी. तो मंदाचा भाचा आहे."

"मंदा कोण?"

"गुप्ते वकिलांची बायको. ते जाऊ दे! मी चहाला बसले होते, तो मराठी बोलला आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. आठ महिने कुणी बोललं नव्हतं रे माझ्याशी. मी बोलत सुटले आणि तुझी भाकरी चुलीत घातली."

 मला वाटलं, आता हा म्हणणार, सोमवारी खोली सोडतो. त्याचं बरोबरच होतं.

"मावशी," तो म्हणाला, "पोचा तुमच्या बाजूला असतो ना?"

"काय?"

"डब्याचा पोचा. तुमच्या बाजूला?"

"हो, पण आता डब्याचं..."

त्याने डोळे मिटले. चिखलाने माखलेला हात हवेत, न बघता मी जसा फोडणीला नेते तसा, पुढे नेला. "जवळ मोहरी, जिरे. मधे तिखट, हळद, मेथी. मागे हिंग, धणे." उच्चार असे की मोहरीने ओळख दिली नसती. पण जागा एकूण एक बरोबर.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आणि लगेच मालवला. "अरे, त्याला हे शब्दही कळणार! त्याच्या आईकडेही डबा असणारच की!"

"असेल," गेथिन उठत म्हणाला. "पण तो तुमचा नसेल." आणि डोकं वाकवून आत गेला. दार लागायच्या आत मी त्याला इतर धटिंगणांना सांगताना ऐकलं, "सगळ्यांनी ऐका. एक गोल डबा आहे..."

उत्तरार्धातला पहिला लाइनआउट. मी दोन्ही हातांनी पर्स आवळून बसले होते.

"हिंग!"

टिपणीस दचकला. वळून प्रेक्षकांत मला शोधलं. सापडले. मी दुसरीकडे बघितलं. त्याचा हात टोपीकडे गेला, मग कमरेवर आला. चेंडू मागे गेला आणि आमच्या गड्याने सुखाने झेलला.

"तिखट!" टिपणीस गुडघ्याकडे वाकला. चेंडू मधे, आमचा.

"मोहरी!" आता मी त्याच्या चेहऱ्यावरून सगळं वाचू शकत होते. मोहरी... मोहरी आई कुठे ठेवते? मधे! रोज लागते म्हणून मधे! त्याने छातीठोकपणे कंबर धरली. चेंडू पुढे गेला. अलिबागला मोहरी मधे ठेवतात हे मला त्या दिवशी कळलं.

आमचे गडी पेटले. तीन गुणांची एक पेनल्टी मिळाली, मग दुसरी, मग तिसरी. अठरा-सतरा. पण ब्रिनकोचनेही एक मारली. वीस-अठरा. आणि टिपणीस काही मठ्ठ नव्हता. ओरडून झालेला प्रत्येक शब्द तो मनात लिहून ठेवत होता. "जिरे!" चुकला. "धणे!" चुकला. पण दुसऱ्यांदा "हिंग!" आला तेव्हा त्याने ताबडतोब गुडघा खाजवला आणि तो चेंडू आमच्या हातात आला तो नुसत्या नशिबाने. मग "हळद!" झाली, आणि मग "मेथी!" सातही वाट्या उघड्या पडल्या. आता त्याच्यापाशी माझा अख्खा डबा होता.

घड्याळात मिनिटभर उरलं होतं. चेंडू बाहेर गेला तो ब्रिनकोचच्या गोलरेषेपासून दहा पावलांवर. फेकणार गेथिन. हा गेला की सामना गेला. गेथिनही. मिस्टर व्हॉइल यांनी तोंडावर टोपी ओढून घेतली होती.

गेथिनने चेंडू एप्रनला पुसावा तसा जर्सीला पुसला. टिपणीस सज्ज, दोन्ही हात मोकळे, बोटं वळवळतायत. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, जणू म्हणत होता, बघा मावशी, माफ करा, पण आता आलं लक्षात.

गेथिन ओरडला, "वेलदोडे!"

टिपणिसाचे दोन्ही हात हवेतच राहिले. एक टोपीच्या वाटेवर, एक गुडघ्याच्या. त्याच्या तोंडून मोठ्याने निघालं, आणि मी शपथेवर सांगते, ते मराठीतच निघालं: "वेलदोडे मिसळणाच्या डब्यात कोण ठेवतं?"

कुणीच ठेवत नाही. मी जागेवरून उठले होते. कारण मला कळलं होतं. वरच्या फळीवर. मागे. डब्याच्या पार पलीकडे.

चेंडू पुढच्या गड्याच्या डोक्यावरून गेला, मधल्याच्या गेला, शेवटच्याच्याही गेला. असा लांब फेकलेला चेंडू गेथिनकडून मैदानावर कधी धड पडला नव्हता. पण जेवढं अंतर आमच्या दोरीपासून मिसेस बोवेनच्या लीकपर्यंत होतं, बरोबर तेवढंच तिथे होतं. रांगेमागून आमचा बारा नंबरचा गडी सुसाट धावत आला, चेंडू त्याच्या छातीवर बसला आणि तो गोलरेषेपलीकडे जाऊन चेंडूसकट पोटावर पडला. त्याचे पाच गुण.

आम्ही तेवीस, ब्रिनकोच वीस.

माझ्या मागच्या रांगेतून एक ओळखीचा आवाज आला. मिसेस बोवेन डोळे पुसत म्हणत होत्या, "माझ्या लीकचं सार्थक झालं हो, सिस्टर."

सगळं पांगल्यावर टिपणीस माझ्यापुढे येऊन उभा राहिला. टोपी हातात.

"मावशी, रागावलात?"

"तू तुझ्या मिठाला जागलास. मी बोलायला नको होतं. चूक माझी." मी पर्स उघडली. "पण चिवडा अर्धा राहिलाय, तो मिळायचा नाही."

"मावशी!"

"घे. घे मेल्या. पण पुन्हा पाया पडशील तर कोणत्या संघाचा ते आधी सांगायचं."

त्याने बकाणा भरला. मग खालच्या आवाजात विचारलं, "एवढं सांगा. वेलदोडे तुम्ही ठेवता कुठे?"

"सांगते का आता!"

घरी येऊन मी चहा टाकला. गेथिनने न सांगता वर हात घालून बरणी काढली. मी विचारलं, "वेलदोडेच का सुचले?"

"सातांत नसलेला कुठलाही शब्द आला की चेंडू पार पलीकडे, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं," तो म्हणाला. "आणि त्याला डबा माहीत झाला होता, मावशी. कपाट कुठे माहीत होतं?"

मी आधणाकडे तोंड करून उभी राहिले. चष्मा धुरकटलेलाच होता, त्यामुळे काही कळून यायचं कारण नव्हतं.

त्याच वर्षी नाताळात उदय टोरांटोहून आला होता. मी शेजारी गेले होते, तो स्वतःला अंडी करत होता. मी दारातून आत येताना ऐकलं. उदय डब्यावर वाकून विचारत होता, "हळद कुठली यातली?" आणि गेथिन, पाठ करून बसलेला, वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाला, "मधली."

 उदय माझा चांगला मुलगा आहे. अजूनही दर रविवारी फोन करतो.

मिस्टर व्हॉइल पुढच्या वर्षी दुसऱ्या क्लबात गेले आणि तिथेही टोपी तोंडावर ओढतच निवृत्त झाले. न्यूझीलंडचा तो गडी घरी परतला, मेंढ्या पाळतो, अजून नाताळाला गेथिनला पत्र पाठवतो. मिसेस बोवेनच्या लीकला नव्व्याण्णव साली पहिलं बक्षीस मिळालं. चेंडूंनी माती भुसभुशीत राहते, असं त्या परीक्षकांना सांगून आल्या. त्या जाऊन आता बरीच वर्षं झाली.

गेथिन आणखी सात वर्षं खेळला. मग गुडघा गेला. आता कौलांचा धंदा करतो, पण वर इतरांना पाठवतो आणि आपण खाली उभा राहून शिडी धरतो. त्याची थोरली मुलगी कारिस लानवेर्नच्या मुलींच्या संघात दोन नंबरला खेळते. ती "हिंग!" म्हणून ओरडते. हिंग खायचा पदार्थ असतो हे तिच्या संघातल्या पोरींना अजून ठाऊक नाही.

टिपणिसाने पुढच्याच वर्षी लग्न केलं. मुलगी मी बघून दिली, मंदाच्या नात्यातली. आता तो सांगलीला दवाखाना चालवतो आणि माझे दोन्ही गुडघे त्याच्याच हातात आहेत. दर खेपेला पाय दाबता दाबता विचारतो, "मावशी, वेलदोडे?" मी म्हणते, "जरा हळू दाब."

मी दोन हजार नऊ साली मिरजेला परत आले. निघताना सामान बांधायला गेथिन आला होता. डबा मी कागदात गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला आणि शेवटी त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "आणि तुम्ही?" मी म्हटलं, "मिरजेत डब्यांना काय तोटा?"

नव्हताच. भांडीबाजारात पहिल्याच दुकानात मिळाला, सात वाट्यांचा, चकचकीत, चहूबाजूंनी गुळगुळीत. घरी आणला, वाट्या भरल्या, गॅस पेटवला आणि हात गेला तो मेथीत. मग मी गॅस बंद केला, डबा अंगणात नेला आणि वरवंट्याचा एकच घाव घातला. टोरांटोहून सुट्टीला आलेली सूनबाई धावत बाहेर आली.

"अहो आई, नवा डबा! पोचा पडला ना!"

"पडला ना?" मी म्हटलं. "मग आता तो माझ्या बाजूला ठेव."